एक विषय, एक सत्र: महाविद्यालयात मुक्त शैक्षणिक साहित्य रुजवण्याची आखणी

मुक्त शैक्षणिक साहित्याचा (ओईआर) उपक्रम ठरला की पहिल्या बैठकीत बहुधा वेबसाइटचीच चर्चा होते. वर्षभराने तिथे स्कॅन केलेल्या पीडीएफ जमा झालेल्या असतात आणि विद्यार्थी मात्र गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून गाइडच घेत असतात. म्हणून ही आखणी एकाच विषयापुरती ठेवली आहे: प्रथम वर्ष बी.ए.चं अर्थशास्त्र, एक सत्र, चार प्राध्यापक आणि एक ग्रंथपाल. हे जमलं की दुसऱ्या विषयाला निम्मे कष्ट पडतात.

विषय निवडताना तीन गोष्टी बघा. विद्यार्थिसंख्या मोठी हवी, मराठीतून चांगलं साहित्य कमी हवं आणि अभ्यासक्रम निदान दोन वर्षं बदलणार नाही असा हवा. तिसऱ्या अटीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या सदस्याला आधीच विचारून घ्या, नाहीतर जुलैत लिहिलेलं प्रकरण पुढच्या जूनमध्ये बाद होतं.

आधी परवाना, मग मजकूर

फुकट मिळणारं सगळं मुक्त नसतं. बालभारतीची ई-पुस्तकं कोणीही उतरवून वाचू शकतो, पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. त्यातला धडा बदलून आपल्या पुस्तिकेत घालता येत नाही. साहित्य मुक्त तेव्हा, जेव्हा ते जवळ ठेवायची, वापरायची, बदलायची, दुसऱ्यात मिसळायची आणि पुन्हा वाटायची मुभा लेखी दिलेली असते. ही मुभा बहुतेक ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) तयार परवान्यांतून येते.

घोळ होतो तो मिसळण्यात. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए परवान्याखाली आहे (बाय म्हणजे श्रेय द्या, एसए म्हणजे नवी कृती त्याच परवान्याने द्या), काही व्याख्यानमालांचं साहित्य बाय-एनसी-एसएखाली असतं (एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नको). दोन्हींतले परिच्छेद एकत्र करून एक प्रकरण रचता येत नाही, कारण दोघांचीही अट ‘नवी कृती माझ्याच परवान्याने द्या’ अशी आहे. एकाच पुस्तिकेत दोन स्वतंत्र प्रकरणं म्हणून, आपापल्या परवान्यासह, ती शेजारी राहू शकतात. परवान्यात एनडी (बदललेली प्रत वाटू नका) दिसलं तर अनुवादाचा विचार सोडा. अनुवाद हाही बदलच धरला जातो आणि बदललेली प्रत वाटायला तो परवाना मनाई करतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं देणाऱ्या प्रकल्पाची बरीच पुस्तकं सीसी बाय ४.०खाली आहेत, काही बाय-एनसी-एसएखाली. म्हणून प्रत्येक पुस्तकाचं परवान्याचं पान स्वतः उघडून बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

आपल्या साहित्याला कोणता परवाना द्यायचा? आमचं मत स्पष्ट आहे: बाय किंवा बाय-एसए. एनसी लावलं की झेरॉक्सवाल्याने पुस्तिका छापून, बांधून नफ्याने विकली तर चालेल का, असे प्रश्न उभे राहतात आणि शेवटी पुस्तिका मुलांपर्यंत पोचतच नाही. शिवाय विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणारं भांडार, एनसी साहित्य घेत नाही.

श्रेय देताना पाच गोष्टी एका ओळीत येऊ द्या: शीर्षक, कर्ता, मूळ दुवा, परवाना आणि आपण काय बदललं. ही ओळ आकृतीच्या खालीच असावी. सगळी श्रेयं शेवटच्या पानावर ढकलली तर कोणी एकच प्रकरण वेगळं काढून वाटलं की श्रेय तुटतं.

संमतिपत्र

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचे हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाऊ शकतात. प्राध्यापकाच्या नोट्स त्यात मोडतात की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन्हीकडून कागद घ्या: संस्थेचा ठराव आणि प्रत्येक लेखकाची सही. त्या कागदावर परवान्याचं नाव आणि आवृत्ती, ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ आणि ‘जगभर’ हे शब्द असलेच पाहिजेत. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. कलम ३०ए मुळे हा नियम परवान्यांनाही लागतो. ठरावात युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारलेल्या ओईआर शिफारशीचा उल्लेख करा, व्यवस्थापनाला त्याने विश्वास वाटतो.

त्याच ठरावात प्राध्यापकांना वेळ द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ई-कंटेंट निर्मितीला गुण आहेत, तेही सांगा. पण आठवड्याला दोन तास मोकळे मिळाले नाहीत तर नुसत्या गुणांवर कोणी दुसरं प्रकरण लिहीत नाही.

किती काम आहे ते मोजा

चार घटकांच्या एका सत्राला सुमारे ३०,००० शब्द लागतात असं धरा. अनुवाद आणि रूपांतर करताना दोन तासांच्या बैठकीत ५०० शब्द नीट होतात. म्हणजे ६० बैठका, १२० तास. तपासणीला त्याच्या निम्मे, ६० तास. चौघांत वाटले तर प्रत्येकी ४५ तास येतात. फेब्रुवारीत विषय व स्रोत ठरवून मार्च-एप्रिलमध्ये परिभाषा आणि मेमध्ये लेखन धरलं तर जूनअखेर पुस्तिका तयार होते. परीक्षेच्या ड्युटीचे दिवस मात्र आधीच वगळा.

परिभाषा हे स्वतंत्र काम आहे आणि ते लेखनाच्या आधीच संपवायचं आहे. ऑपॉर्च्युनिटी कॉस्टला एकजण ‘संधी खर्च’ लिहितो, दुसरा ‘वैकल्पिक खर्च’, तिसरा ‘पर्यायी खर्च’. पहिल्या वर्षाच्या मुलाला त्या तीन वेगळ्या संकल्पना वाटतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. त्यातून आणि बारावीच्या पाठ्यपुस्तकातून १५० संज्ञांची यादी करा. दोन्हींत फरक असेल तिथे मुलांना बारावीपासून माहीत असलेला शब्द घ्या. यादी सामायिक शीटमध्ये ठेवा आणि बदलाचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्या.

उदाहरणं मात्र अनुवादित करूच नका, बदला. मागणीची लवचिकता शिकवताना अमेरिकेतल्या पेट्रोलच्या गॅलनच्या जागी लासलगावच्या बाजारातला कांदा आला की मूल स्वतःहून प्रश्न विचारतं. मुक्त परवान्याचा खरा फायदा इथेच हाती लागतो. नकाशे विशेष तपासा: परदेशी स्रोतांतल्या नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्या.

फॉन्ट आणि फाइल

प्राध्यापकांच्या जुन्या नोट्स बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. अशा फाइलमधला मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर विचित्र अक्षरं दिसतात आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्यावर ऱ्हस्व इकार आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. ‘शेतकऱ्यांना’ चं ‘शेतकर्यांना’ झालेलं तर प्रत्येक पानावर सापडेल. ‘ऱ्य’ साठी नुक्तावाला ऱ टाइप करावा लागतो. हे तपासायला पानाला पाच मिनिटं ठेवा.

‘मुक्त’ (Mukta), बलू किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत परवान्याचे फॉन्ट वापरा. लिबरऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी लिबरऑफिसची ओडीटी फाइलही द्यायलाच हवी. ती नसेल तर बदलायची मुभा कागदावरच राहते. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, ५ एमबीच्या आत, म्हणजे व्हॉट्सॲपवर सहज जाते. ग्रंथालयात दहा छापील प्रती ठेवा. मूळ प्रत इंटरनेट आर्काइव्ह किंवा झेनोडो यांसारख्या फाइल कायम जपणाऱ्या मोफत संकेतस्थळावर चढवा. कॉलेजची वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडे गेली की जुने दुवे मरतात, आणि पुस्तिकेवरचा क्यूआर कोड त्यांच्याबरोबर.

सत्र सुरू झाल्यावर

डाउनलोडच्या आकड्यावर समाधान मानू नका. चौथ्या आठवड्यात वर्गात कागदावर तीन प्रश्न विचारा: कोणतं पान उघडलं, कुठे अडलं, गाइड विकत घेतलं का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ जास्त आलं तर पुस्तिकेत सराव प्रश्न कमी आहेत असं समजा. प्रत्येक घटकाला निदान पंधरा प्रश्न उत्तरांसह लागतात.

चुका कळवायला पहिल्या पानावर एक फॉर्म द्या. तो ग्रंथपालाने सांभाळावा, कारण प्राध्यापक बदलतात. दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त्या करून मुखपृष्ठावर ‘आवृत्ती १.१’ आणि महिना लिहा. जुनी फाइल पुसू नका. दुसऱ्या कॉलेजने तिच्यावरून काम सुरू केलेलं असू शकतं, आणि त्यांना काय बदललं ते एका पानाच्या यादीतून कळलं पाहिजे.