हस्तकला मेळ्यातील खरेदी: इंदूरकरांसाठी काही सूचना

इंदुरात लालबागेत, गांधी हॉलमध्ये किंवा ढक्कनवाला कुआँ येथील ग्रामीण हाट बाजारात हस्तकलेचा मेळा भरला की गर्दी होतेच. परंतु आपण मोजलेले पैसे कारागिराच्या हाती पडतात की यंत्रावर काढलेली नक्कल विकणाऱ्याच्या, हे आपल्या पारखीवर अवलंबून असते. म्हणून शक्यतो दुपारी, विक्रेत्याला बोलायला सवड असेल अशा वेळी जावे.

महेश्वरी साडी घेताना प्रथम काठ उलटून पाहावा. परंपरागत महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणलेला असतो आणि पदरावर पाच पट्टे असतात. उभा धागा बहुधा रेशमाचा व आडवा सुती असल्याने ती हलकी असते. मात्र ही नक्षी यंत्रमागावरही उतरवता येते, त्यामुळे कापड हातमागाचे असल्याची ग्वाही देणारी ‘हँडलूम मार्क’ची सरकारी चिठ्ठी अवश्य मागावी.

धार जिल्ह्यातील बाग गावच्या छापाईची पारख अधिक रंजक आहे. तेथे लाकडी ठशाने तुरटीचा लेप दिलेला भाग लाल आणि लोहयुक्त लेपाचा भाग काळा होतो. हे रंग खुलतात ते कापड धावड्याची फुले व अ‍ॅलिझरीन हे रंगद्रव्य घातलेल्या पाण्यात उकळल्यावर. रंग असा धाग्यातच मुरत असल्याने कापडाच्या मागील बाजूसही नक्षी उमटलेली दिसते, आणि दोन ठसे जुळतात तेथे किंचित सरकलेली रेघ आढळते. ती रेघ दोष समजून कापड परत ठेवू नये. तीच हाताच्या कामाची खूण आहे. आपल्या शहराच्या चामडी खेळण्यांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा मुलांसाठी काही घ्यायचे असल्यास तीही पाहावीत.

यानंतर विचारावे: माग कोठे आहे, विणायला किती दिवस लागले, कापड कसे धुवावे? स्वतः काम करणारा, किंवा ज्याच्या घरात ते काम चालते असा माणूस याची उत्तरे तपशिलाने देतो.

भावाबाबत माझे मत स्पष्ट आहे. शेवटच्या दिवशी उरलेला माल परत नेण्याचा खर्च टाळण्यासाठी कारागीर पडत्या भावाने विकतो, आणि त्या अडचणीचा लाभ घेणे योग्य नव्हे. परवडत नसेल तर साडीऐवजी ओढणी किंवा रुमाल घ्यावा, पण मजुरीवर घासाघीस करू नये.

सर्वाधिक उपयोग मात्र मेळ्यानंतरच्या मागणीचा होतो. आपल्या घरांत लग्नकार्यात मानपानाच्या साड्या मोठ्या संख्येने लागतात, आणि त्या बहुधा ऐन वेळी एकगठ्ठा आणल्या जातात. मुहूर्त ठरताच विणकराशी संपर्क साधून, थोडी आगाऊ रक्कम देऊन रंग व मुदत लेखी ठरवल्यास त्याच्या मागाला काही महिन्यांचे काम मिळते. महेश्वरी साड्यांचे गाव महेश्वर इंदूरपासून सुमारे 90 किलोमीटरवर असल्याने एकदा प्रत्यक्ष जाऊन माग पाहणेही सहज शक्य आहे.