लिंक द्यायला घाबरता, फोटो उचलायला नाही : या चुका टाळा

कॉपीराइटच्या बाबतीत बहुतेकांची भीती चुकीच्या जागी बसलेली असते. दुसऱ्याच्या लेखाची लिंक देण्याआधी चार जणांना विचारतील, "परवानगी घ्यावी लागेल का हो?" आणि त्याच लेखातला फोटो मात्र सेव्ह करून आपल्या पानावर चढवतील, खाली 'साभार : गूगल' लिहून मोकळे होतील. पहिल्या गोष्टीला सहसा परवानगी लागत नाही. दुसरीला जवळजवळ नेहमी लागते. (आणि गूगलचे आभार कशाला? फोटो गूगलने काढलेला नसतो.)

मीही यातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या वेबसाइटचं काम बघत असताना एका छायाचित्रकाराचा मेल आला : माझा फोटो काढून टाका. मी ऐटीत उत्तर दिलं, "आम्ही फोटो वापरलेला नाही, तुमच्या लेखाची फक्त लिंक दिली आहे." त्यांनी परत एकच ओळ पाठवली. तो फोटोच्या फाइलचा पत्ता होता आणि त्याची सुरुवात आमच्याच डोमेनच्या नावाने होत होती. झालं असं होतं, की लिंकखाली शीर्षक आणि चित्राची चौकट दिसावी म्हणून आम्ही एक प्लगिन (वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवलं होतं. ते प्रत्येक लिंकमागचं चित्र गुपचूप उतरवून आमच्या मीडिया फोल्डरमध्ये साठवत होतं. फोल्डर उघडला तर अशी ढीगभर चित्रं! माफी मागितली, फोल्डर रिकामा केला, ती सेटिंग बंद केली.

तेव्हापासून माझा नियम : वाद घालण्याआधी पत्ता वाचायचा.

आधी हे तपासा

ज्या चित्रावरून तक्रार आली आहे, त्यावर उजवी क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता बघा. तुमचं डोमेन दिसलं, तर तुमच्याकडे प्रत आहे. ती कोणी ठेवली, माणसाने की प्लगिनने, हा तुमच्या घरातला प्रश्न. दुसऱ्याचं डोमेन दिसलं, तर ते एम्बेड किंवा हॉटलिंक आहे : चित्र तुमच्या पानावर दिसतं, पण वाचकाचा ब्राउझर ते थेट मूळ सर्व्हरवरून आणतो. आणि पानावर चित्रच नसेल, नुसती अधोरेखित अक्षरं असतील, तर ती साधी लिंक. सीडीएन (तुमच्याच फाइली दुसऱ्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) वापरत असाल तर पत्ता परका दिसू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

साध्या लिंकमध्ये दुसऱ्याच्या लेखातलं काहीच तुमच्याकडे येत नाही, असतो तो फक्त पत्ता. क्लिक झाल्यावर पान दाखवायचं की नाही, हे मूळ मालकाचा सर्व्हर ठरवतो. मालकाने पान काढलं, की तुमची लिंक निकामी. प्रत केलीत तर मात्र त्याने आपलं पान काढलं तरी तुमचं चालूच राहतं. कायद्याला हा ताबा महत्त्वाचा वाटतो.

'साभार' लिहिलं की झालं

नाही होत. यावर युरोपीय न्यायालयाचा 7 ऑगस्ट 2018 चा निकाल वाचण्यासारखा आहे. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलीने स्पॅनिशच्या तासासाठी एक सादरीकरण केलं. त्यात कॉर्दोबा शहराचा एक फोटो होता. तो एका प्रवासविषयक संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट दिसत होता, आणि कुठून घेतला तेही तिने खाली लिहिलं होतं. शाळेने ते सादरीकरण आपल्या वेबसाइटवर चढवलं. छायाचित्रकार रेंकहॉफ न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यांची बाजू घेतली : फोटो उतरवून दुसऱ्या वेबसाइटवर टाकणं हे नव्याने प्रसिद्ध करणं आहे, त्याला नवी परवानगी हवी. शाळा, मुलगी, शैक्षणिक हेतू, श्रेयनामावली असं सगळं असूनही. लिंकची गोष्ट वेगळी, हे याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, कारण लिंकमुळे मालकाचा ताबा सुटत नाही.

श्रेय देणं हा सभ्यपणा आहे आणि अनेक खुल्या परवान्यांची ती अटही असते. पण ज्याला परवानगी लागते, त्याची उणीव ते भरून काढत नाही. '© चिन्ह नव्हतं म्हणून घेतलं' हा युक्तिवादही टिकत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार हक्क मिळवायला नोंदणी किंवा चिन्ह लागतच नाही, लिहिलं की हक्क निर्माण झाला.

फक्त मुखपृष्ठाचीच लिंक द्यायची असते?

ही समजूत जुनी आहे आणि तिला इतिहासही आहे. 1996 साली स्कॉटलंडमध्ये 'शेटलंड टाइम्स'ने 'शेटलंड न्यूज'वर दावा लावला : आमचे मथळे जसेच्या तसे घेऊन थेट आतल्या बातम्यांना लिंक देतात, वाचक आमच्या मुखपृष्ठावर येतच नाही. न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली, पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्या काळची धास्ती अजून काहींच्या मनात आहे. पुढे चित्र पालटलं. 13 फेब्रुवारी 2014 च्या स्वेन्सन निकालात युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की जे आधीच सगळ्यांना खुलं आहे त्याला क्लिक करण्याजोगी लिंक देण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागत नाही, कारण त्यातून कुठलाही 'नवा वाचकवर्ग' तयार होत नाही. दावा केला होता पत्रकारांनी, स्वतःच्याच लेखांच्या लिंकवरून.

भारतीय कायद्यातही लिंकचा उल्लेख आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(c) मध्ये इलेक्ट्रॉनिक लिंक पुरवण्यासाठी होणाऱ्या क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणुकीला सूट आहे, पण दोन अटींवर : हक्कधारकाने स्पष्ट मनाई केलेली नसावी, आणि साठवलं ते चोरीचं असल्याचं तुम्हाला माहीत नसावं किंवा तसं मानायला सबळ कारण नसावं.

'पलीकडे काय आहे त्याच्याशी माझा संबंध नाही'

लिंकचं स्वातंत्र्य मान्य केलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात, आणि मला जास्त काळजी या टोकाची वाटते. नेदरलँड्समधल्या एका संकेतस्थळाने, मासिकात यायच्या आधीच फुटलेल्या छायाचित्रांची लिंक दिली. प्रकाशकाने काढायला सांगितली, त्यांनी काढली नाही. मूळ फाइल उडवली गेली, तर त्यांनी दुसरीकडची नवी लिंक टाकली. 8 सप्टेंबर 2016 च्या जीएस मीडिया निकालात न्यायालयाने रेघ ओढली : पलीकडची सामग्री बेकायदा आहे हे माहीत असेल किंवा माहीत असायला हवं असेल, तर लिंक देणाराही जबाबदार. आणि लिंक नफ्यासाठी दिली असेल, तर माहीत होतं असंच धरून चालायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्याची.

पानावर जाहिराती असतील तर 'मी कुठे पैसे घेतो' म्हणायची सोय राहत नाही. 'नवा सिनेमा इथे फुकट बघा' अशी लिंक देणारा 'मी फक्त पत्ता सांगितला' म्हणाला, तर त्यावर न्यायाधीश काय, शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेत तर 2000 सालीच '2600' या मासिकाला डीव्हीडीचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमची लिंक देण्यावर बंदी घातली गेली. तिथेही प्रश्न जाणूनबुजून देण्याचाच होता.

एम्बेड : इथे जपून

एम्बेडबद्दल एकच एक उत्तर नाही, आणि जो तसं देतो त्याच्यावर विसंबू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांचं अपील न्यायालय 2007 पासून 'सर्व्हर कसोटी' मानतं : फाइल तुमच्या सर्व्हरवर नसेल तर तुम्ही ती दाखवलीच नाही. 2023 मध्ये इन्स्टाग्रामच्या खटल्यात ते त्यावर ठाम राहिलं. न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी मात्र 2018 साली ही कसोटी नाकारली. प्रकरण होतं अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीच्या एका फोटोचं, जो वृत्तसंस्थळांनी ट्वीट एम्बेड करून दाखवला होता. युरोपात एम्बेड साधारण लिंकसारखंच मानलं जातं, पण 9 मार्च 2021 च्या निकालाने एक कुलूप लावलं : मालकाने एम्बेड रोखण्याची तांत्रिक व्यवस्था केली असेल आणि तुम्ही ती चुकवली, तर परवानगी हवी.

व्यवहारात काय करायचं? मूळ सेवेनेच दिलेलं एम्बेडचं बटण वापरा. ते बटण बंद असेल तर आडवाटेने कोड लिहून चित्र ओढू नका, साधी लिंक द्या. नुसतं हॉटलिंक करणं, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता थेट आपल्या पानात घालणं, कायद्याआधी व्यवहारानेच मूर्खपणाचं आहे. बँडविड्थचा खर्च दुसऱ्याचा, आणि त्याने वैतागून त्याच नावाची फाइल बदलली, तर तुमच्या गंभीर लेखात काय झळकेल याचा नेम नाही.

पेवॉलचंही, म्हणजे वर्गणी भरल्याशिवाय न उघडणाऱ्या पानांचंही, तेच. वर्गणीदाराला मित्राला पाठवण्यासाठी मिळालेली लिंक सार्वजनिक टाकणं, किंवा लॉगिनचं टोकन (तुमची ओळख पटवणारी सांकेतिक अक्षरं) असलेला लांबलचक पत्ता तसाच चिकटवणं, याला स्वेन्सनचा आधार मिळत नाही. ते पान सगळ्यांना खुलं नव्हतंच. पत्त्यातलं प्रश्नचिन्हानंतरचं शेपूट कापून, लॉगआउट करून लिंक उघडून बघा. उघडली, तर खुली.

लिंकसोबत अख्खा लेख

'मूळ लेख इथे वाचा' म्हणून लिंक आणि वर सगळा मजकूर. मग वाचक तिकडे जाईल कशाला? उद्धृत करायला हरकत नाही, ती सूट बर्न करारातच आहे, पण ती हेतूला पुरेल इतकीच. चार ओळी घेऊन त्यावर स्वतःचं काही म्हणत असाल तर पाया भक्कम. काहीच म्हणत नसाल तर चार ओळीही जास्त.

लिंक तुटली, नोटीस आली

तुटलेल्या लिंकवर उपाय म्हणून लोक लेखच कॉपी करून ठेवतात. त्यापेक्षा नवा पत्ता शोधा, नाहीतर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातल्या प्रतीची लिंक द्या. मालकाने मुद्दाम काढलेलं पान असेल, तर तेही नको.

नोटीस आली तर घाबरून सगळंच उडवू नका आणि गप्पही बसू नका. पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख लिहून ठेवा. तक्रार नेमक्या कुठल्या पत्त्याबद्दल आहे आणि पाठवणारा हक्कधारक आहे का, ते बघा. मग वरची उजव्या क्लिकची तपासणी. प्रत निघाली तर लगेच काढा आणि तसं कळवा. फक्त थंबनेल लपवून भागत नाही, फाइल मीडिया फोल्डरमधूनही जायला हवी, नाहीतर तिचा थेट पत्ता चालूच राहतो. खुल्या, कायदेशीर पानाची साधी लिंक असेल तर नम्रपणे तेवढंच लिहा. आणि लिंक चोरीच्या मालाकडे जात असल्याचं नोटिशीतून कळलं, तर त्याच दिवशी काढा. त्या मेलनंतर 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.