युरोपियन युनियनचं अध्यक्षपद: सहा महिन्यांची टर्म कशी जोखायची

युनियनच्या मंत्रिपरिषदेचं, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी पुढच्या देशाकडे जातं आणि टर्म संपली की तो देश स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतो. आपण जरा नीट बघू, उदाहरणाला हंगेरी, जुलै ते डिसेंबर २०२४.

पायरी १: हातात काय होतं ते आधी बघा. २००९ च्या डिसेंबरात लिस्बन करार (युनियनचा कारभार ठरवणारा करार) लागू झाल्यापासून राष्ट्रप्रमुखांच्या शिखर बैठकीला वेगळा अध्यक्ष असतो, परराष्ट्रमंत्र्यांची बैठकही अध्यक्षपदावरच्या देशाकडे नसते, उरतं काय तर बाकी मंत्र्यांच्या बैठका चालवणं, अजेंडा लावणं आणि कायद्यांच्या मसुद्यावर युरोपियन पार्लमेंटशी घासाघीस करणं.

पायरी २: कॅलेंडर. हे लोक हमखास विसरतात. हंगेरीच्या आधी बेल्जियम होता, जूनमध्ये पार्लमेंटची निवडणूक म्हणून तुंबलेल्या फायली हातावेगळ्या करायची सगळ्यांनाच घाई, त्यामुळे १४ मेला स्थलांतराचे कायदे आणि २१ मेला एआय कायदा मंजूर. पण दोन्हींवरची खरी तडजोड डिसेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या टर्ममध्ये झालेली! मग श्रेय कुणाचं? माझ्या मते मोठा वाटा स्पेनचा, कारण अवघड काम तेच. हंगेरीला मात्र नवी पार्लमेंट मिळाली आणि नवं कमिशन (युनियनचं कार्यकारी मंडळ, कायद्यांचे प्रस्ताव तेच मांडतं) थेट १ डिसेंबरला कामाला लागलं, त्यामुळे किती कायदे झाले ते मोजून हंगेरीला नापास करणं बरोबर नाही.

पायरी ३: सगळ्यांचा विश्वास राखला का. इथे हंगेरी सपशेल नापास. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान टर्मच्या पहिल्याच आठवड्यात ५ जुलैला मॉस्कोत पुतिनना भेटले, युनियनच्या वतीने बोलायचा अधिकार नसताना, आणि मग कमिशनने हंगेरीतल्या अनौपचारिक बैठकांना आयुक्त (म्हणजे कमिशनचे सदस्य) न पाठवता नुसते अधिकारी पाठवायचं ठरवलं. यजमानाची इतकी शोभा क्वचितच झाली असेल.

पायरी ४: निकाल, पण अडथळा कुणाचा होता तेही बघून. बल्गेरिया आणि रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमा शेंगेनमध्ये (सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) खुल्या करायचा निर्णय १२ डिसेंबरला झाला, हंगेरीने त्यासाठी जोर लावला हे खरंच, तरी अडून बसलेल्या ऑस्ट्रियाने व्हेटो सोडला म्हणून ते जमलं, तेव्हा मार्क द्या पण पूर्ण नको.

मतदानाचे निकाल परिषदेच्या साइटवर असतात, देशाच्या स्वतःच्या अहवालाआधी ते उघडा.