जुनी जपानी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

सत्तरच्या दशकातल्या होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी गाड्यांची इंजिनं दणकट आहेत. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गाडीही बऱ्याचदा पुन्हा सुरू होते. मोडतोड होते ती दुरुस्तीच्या घाईत.

सुरुवात स्क्रूंपासूनच होते. या गाड्यांचे फुलीचे स्क्रू फिलिप्सचे नाहीत, जपानी मापाचे म्हणजे जेआयएस आहेत. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्या खाचेत पूर्ण बसत नाही. जोर दिला की तो वर उचलला जातो आणि खाच गोल होते. मग ड्रिल, आणि नशीब वाईट असेल तर केसचे आटेही जातात. जेआयएस बिट लावलेला, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आधी घ्या, मगच इंजिनला हात लावा. बसवताना ६ मिमीच्या स्क्रूला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, कारण खालचे आटे ॲल्युमिनियमचे आहेत.

इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, काही दिवस थांबा, मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हळूहळू पुढे-मागे हलवा.

गाडी अडखळली की सगळे कार्बोरेटर उघडतात. आधी व्हॉल्व्हची फट, मग पॉइंट (ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि शेवटी कार्बोरेटर, हा क्रम मोडलात तर सगळीच मेहनत पाण्यात. होंडा सीबी७५०ला इंजिन थंड असताना इनटेक व्हॉल्व्हची फट ०.०५ मिमी, एक्झॉस्टची ०.०८ मिमी आणि पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमी ठेवा.

कार्बोरेटर उघडलाच तर पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी नळीत, स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की आयडलिंग कधीच जमत नाही. क्लीनर मारण्याआधी रबरी डायफ्राम (पातळ पडदा) बाहेर काढा. बाजारातल्या कार्बोरेटर दुरुस्ती किटमधले फक्त गॅस्केट आणि ओ-रिंग वापरा, मूळ जेट स्वच्छ करून परत बसवा. किटमधल्या जेटवर नंबर तोच असला तरी भोक तेवढंच असेल याची खात्री नसते. सीबी३५०सारख्या व्हॅक्यूमवर स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती झडप) उचलणाऱ्या कार्बोरेटरवर एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढून उघडे गोल फिल्टर लावणं ही तर हौसेने ओढवून घेतलेली डोकेदुखी. हवेचा दाब बदलतो, स्लाइड नीट उचलत नाही आणि मधल्या आरपीएमला गाडी गचके देते. इनटेकचं रबर कडक होऊन तडकलेलं असेल तर ते बदलाच, ट्युनिंगने तो दोष झाकत नाही.

टाकीतल्या गंजावर थेट कोटिंग ओतू नका, ते पापुद्र्यासारखं सुटून पेट्रोल कॉक बंद करतं. गंज आम्लाने काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा.

बॅटरी चार्ज होत नाही म्हणून रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) विकत घेण्याआधी अर्थिंगची जागा आणि बुलेट कनेक्टर (वायरींचे गोल जोड) घासून पाहा. बारा व्होल्टच्या गाडीत सुमारे ५००० आरपीएमला बॅटरीवर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

यामाहा आरडी३५०सारख्या टू-स्ट्रोकला आणखी एक धोका आहे. क्रँकचे ऑइल सील वाळले की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन चिकटतो. सील तपासायला इनटेक-एक्झॉस्ट बंद करून इंजिनात ६ पीएसआय हवेचा दाब द्या, तो ६ मिनिटं टिकला पाहिजे. ऑइल पंपाच्या नळीतली हवा काढा, आणि पंप खरोखर ऑइल देतोय हे दिसेपर्यंत टाकीत लिटरला ३० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळत राहा.