तीन पत्तीवाल्यांनो, पोकरमध्ये पेअरचा मोह आधी सोडा

गणपतीच्या जागरणाला चाळीत तीन पत्ती खेळून हात बसलाय, आता पोकर काय आठवड्यात जमेल, असं वाटतंय ना? नाही जमत. पोकर म्हणजे इथे होल्डेम: हातात दोन पत्ते, मग टेबलावर सगळ्यांसाठी उघडे फ्लॉपचे तीन, टर्नचा चौथा, रिव्हरचा पाचवा आणि सातातून बेस्ट पाच, एवढं तुम्हाला माहीतच असेल.

खरी गोची पेअरची. तीन पत्तीत पेअर आली की माणूस फुगतो आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे शंभरातल्या ७४ वेळा समोरच्याकडे नुसतं हाय कार्ड असतं. होल्डेममध्ये रिव्हरपर्यंत सात पत्ते झाले की काहीच न लागणं शंभरात जेमतेम १७ वेळा. म्हणजे तुमची लाडकी पेअर इथे कोणाकडेही असू शकते, पण हात मात्र जुन्या सवयीने चाल मारायला शिवशिवतो. समजा हातात एक्का-सत्ती आहे, फ्लॉपला एक्का पडला, तुम्ही खूश, आणि समोरचा फ्लॉपला चाल मारतो, टर्नला मारतो, रिव्हरला अजून मोठी मारतो. नवख्यांच्या टेबलावर हा बहुतेक वेळा ब्लफ नसतो राव, त्याच्याकडे एक्का-राजा तरी असतो नाहीतर टू पेअर. एक्का दोघांकडे असला तरी त्याचा किकर, म्हणजे जोडीबाहेरचा पत्ता, मोठा, म्हणून अख्खा पॉट त्याचा. पॅक करा. खरंच करा. मलाही अजून ते पत्ते टाकताना जिवावर येतं.

सिक्वेन्स-कलरचंही उलटं आहे, इथे कलर वर. पाच पत्त्यांत कलर ५,१०८ प्रकारे बनतो आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे, म्हणून.

रील्समधले ब्लफ बघून शिकू नका, तिथे फसलेला ब्लफ कोण टाकतो? जिंकलेल्या पॉटचेच किस्से सांगणारा दादा गुरू म्हणून बाद. फोल्ड, म्हणजे पॅक, का केलं ते सांगणारा मिळाला तर त्याला चहा पाजा. आणि डीलरचं बटण, म्हणजे वाटणाऱ्याची खूण, तुमच्यासमोर असेल तर दोन हात जास्त खेळा, फ्लॉपनंतर तुम्ही सगळ्यात शेवटी बोलता, बाकीच्यांनी काय केलं ते फुकटात दिसतं.

सुरुवातीला सारखं फोल्ड करून कंटाळा येतो, येऊ दे, म्हणजे बरोबर चाललंय. पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या कायद्याने बंद झालंय, त्यामुळे लिंक पाठवणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. घरी काडेपेटीच्या काड्या वाटून घ्या, प्रत्येकी शंभर, आणि हरलेला पॉट झाला की पत्ते उघडे ठेवून दोन मिनिटं भांडा.