लग्नसराईत कार्ड रिकामं करण्याआधी

नागपूरच्या महाल भागातली हळद, वर्धा रोडच्या लॉनवरचं रिसेप्शन, दोन कॅमेरे, दोन कार्डं. कॉपीची कमांड मारण्याआधी दोन्हींवरची नावं पाहून घ्या. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे दोन्हीकडे आयएमजी_०४१२ निघणं अगदी शक्य आहे. माझ्याकडे निघालं. साध्या सीपीनं (टर्मिनलमधली कॉपीची कमांड) काही न विचारता हळदीतल्या आजीच्या जागी चाटचा काउंटर आणून बसवला. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो बापा.

तेव्हा आधी प्रत्येक कार्डाचं वेगळं फोल्डर करा. ते न करता सीपीला नुसतं -एन लावून निर्धास्त होऊ नका. -एन जुनी फाइल वाचवतो खरा, पण त्याच नावाची नवी उतरवतच नाही, आणि बरेचदा चकार शब्द काढत नाही. मग तुम्ही कार्ड फॉरमॅट करता, की गेला तो फोटो. -आय दर वेळी विचारतो. दहा फायलींना ठीक, दोन हजारांना बोट आपसूक वाय दाबू लागतं. लिनक्सवर --बॅकअप=नंबर्ड लावा, जुन्या फाइलच्या नावामागे .~१~ लागतं आणि दोन्ही राहतात. मॅकच्या सीपीत ही सोय नाही.

आरसिंक ही कॉपीचीच दुसरी कमांड, पण तिच्यात -एन चा अर्थच वेगळा, हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. तिथे ती नुसती रंगीत तालीम, उतरत काहीच नाही. आधी -एव्हीएन देऊन यादी वाचा, मग एन काढून चालवा. असलेल्या फायलींना हात लागू द्यायचा नसेल तर --इग्नोर-एक्झिस्टिंग जोडा. मे महिन्यात कूलर-एसीच्या लोडनं मधेच लाइन गेली तरी आरसिंक बरा, कारण तो आधी तात्पुरत्या नावानं लिहितो आणि फाइल पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो. --इनप्लेस लावलंत तर ही सोय गेली.

व्हिडिओ रात्रभर लावून झोपणार असाल तर एफएफएमपेगला (व्हिडिओ बदलून देणारी कमांड) -वाय, म्हणजे जुनी फाइल पुसून लिही, की -एन, म्हणजे तिला हात लावू नको, ते आधीच सांगा, नाहीतर सकाळी त्याचा प्रश्न तसाच स्क्रीनवर. -वाय दिलात तर आउटपुटचं नाव दोनदा वाचा.

फायलींची यादी > नं साठवता तेव्हा जुनी यादी पुसली जाते, म्हणून आधी टर्मिनलमध्ये सेट -ओ नोक्लॉबर मारा, मग असलेली फाइल अशी पुसली जात नाही. मुद्दाम पुसायचीच तर >| आहे. शेवटी दोन्हीकडच्या फायली मोजा. आकडा जुळल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात.