ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन: अंतर आणि वेळेच्या हिशोबात या चुका टाळा

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहावरील लाँगयिअरब्येन या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 960 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी आहे. तरीही या टप्प्याचा हिशोब हमखास चुकतो.

पहिली चूक भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवण्याची. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचा प्रदेश ताणला जातो. विषुववृत्ताच्या तुलनेत ट्रॉम्सोपाशी जवळजवळ तिप्पट आणि 78 अंशांवरील लाँगयिअरब्येनपाशी जवळजवळ पाचपट. विषुववृत्तावरचे प्रमाण लावले, तर याच 960 चे साडेतीन हजार किलोमीटर होतात! रेखांशाच्या प्रत्येक अंशाला 111 किलोमीटर धरणारेही असेच फसतात, कारण लाँगयिअरब्येनच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश जेमतेम 23 किलोमीटरचा असतो. घरात पृथ्वीगोल असल्यास त्यावर दोरा ताणून मोजावे; उत्तर बऱ्यापैकी बरोबर येते.

अंतर सागरी मैलांत दिले असेल, तर त्याला 1.852 ने गुणावे. 517 सागरी मैलांना साध्या मैलाच्या 1.609 ने गुणले, की सव्वाशे किलोमीटर परस्पर गायब होतात.

अंतराला ताशी 800 किलोमीटरने भागले, की सव्वा तास येतो. वेळापत्रकात मात्र दीड तासाहून अधिक वेळ दिसतो आणि तोच खरा धरावा. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे या सगळ्यांत विमान पूर्ण वेगात नसते, आणि हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ द्रवाच्या फवाऱ्याने काढण्यात आणखी वेळ जातो.

सर्वांत महाग पडणारी चूक कागदपत्रांची आहे. स्वालबार्ड नॉर्वेच्या अधिपत्याखाली असले, तरी ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा तेथे जाताना संपतो आणि परतीची वाट अडते. किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. ओस्लोहून येणारे विमान ट्रॉम्सोला थांबत असेल, तर पासपोर्ट तपासणीसाठी तेथे खाली उतरावे लागू शकते, म्हणून पासपोर्ट सामानाच्या बॅगेत टाकू नये.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत लाँगयिअरब्येनला सूर्य मावळत नाही. तिकिटावर 12 तारखेचे 02:30 असे छापले असेल, तर विमानतळावर 11 च्या रात्रीच पोहोचायचे असते. बाहेर लख्ख ऊन पाहून ही साधी गोष्ट सहज विसरली जाते.

धुके किंवा जोराचा वारा असल्यास विमान लाँगयिअरब्येनला न उतरता मुख्य भूमीकडे परत फिरू शकते. त्यामुळे परतताना मुंबईचे विमान त्याच दिवशी गाठण्याचा बेत न करता ओस्लोत एक रात्र मोकळी ठेवावी, विशेषतः दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर.